व्हॉल्व्ह तुमचा एक, पॉइंट त्याचे तीन

या वेळच्या टपालात तीन पत्रं बडोद्याची निघाली आणि तिन्ही पीअँडआयडीवरची (पाइपिंग अँड इन्स्ट्रुमेंटेशन डायग्राम). ज्यांचा या प्रकाराशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कारखान्यातली कोणती टाकी, पंप, पाइप, व्हॉल्व्ह आणि मोजमापाचं उपकरण कशाला जोडलेलं आहे, आणि कोण कोणाला हुकूम देतं, हे दाखवणारा आराखडा. तो मापात काढलेला नसतो. टाकी बोटाएवढी आणि व्हॉल्व्ह अंगठ्याएवढा दिसला तरी कोणी तक्रार करत नाही. तक्रारी वेगळ्याच असतात.

प्रश्न : मकरपुरा जीआयडीसीत आमचं लहानसं युनिट आहे. वापरलेलं सॉल्व्हंट परत मिळवण्याची स्किड, म्हणजे एका चौकटीवर बसवलेला छोटा प्लांट, आम्ही बनवतो. मी मेकॅनिकल डिझाइन बघतो. स्किड सॉलिडवर्क्समध्ये आणि पीअँडआयडी ऑटोकॅडमध्ये काढतो. पीएलसी (प्लांट चालवणारा कंट्रोलर) आणि पॅनेल बाहेरच्या एका कंट्रोल इंजिनिअरकडे असतं. त्यांना मी पीडीएफ पाठवतो आणि ते स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं नव्यानं काढतात. स्किड पुरी होईपर्यंत दोघांचे आराखडे दोन वेगळ्या प्लांटचे वाटायला लागतात. गेल्या स्किडला तर दोन व्हॉल्व्हना पीएलसीत जागाच उरली नव्हती. दोघांनी मिळून एकच सॉफ्टवेअर घ्यावं का? कोणतं?
— एक वाचक, मांजलपूर

उत्तर : सॉफ्टवेअरचं शेवटी बघू. पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात: दोन व्हॉल्व्हना जागा उरली नव्हती.

तुम्ही ड्रॉइंगवर एक ऑन-ऑफ व्हॉल्व्ह वाढवता तेव्हा तुमच्या लेखी वाढतं काय? एक व्हॉल्व्ह, दोन फ्लँज, गास्केट, बोल्ट. पॅनेलवाल्याच्या लेखी पीएलसीतले तीन पॉइंट (सिग्नलच्या जागा) वाढतात: व्हॉल्व्हची हवा सोडणाऱ्या सोलनॉइडसाठी एक डिजिटल आउटपुट आणि ‘उघडा’ व ‘बंद’ अशा दोन लिमिट स्विचसाठी दोन डिजिटल इनपुट. शिवाय जंक्शन बॉक्समध्ये टर्मिनल, केबल शेड्यूलमध्ये ओळ, स्क्रीनवर चित्र आणि प्रोग्रॅममध्ये ‘उघड म्हटलं तरी ठरल्या वेळात उघडला नाही’ हा अलार्म. पंप वाढवलात तर चालू करण्याचा एक आउटपुट आणि तीन इनपुट: चालू आहे का, ट्रिप झालाय का, लोकलवर आहे की रिमोटवर. ट्रान्समीटरला (मोजलेला आकडा पीएलसीला कळवणारं उपकरण) एक ॲनालॉग इनपुट, कंट्रोल व्हॉल्व्हला एक ॲनालॉग आउटपुट. पीएलसीची कार्डं साधारण आठ, सोळा किंवा बत्तीस पॉइंटची येतात. सोळाच्या इनपुट कार्डावर पंधरा पॉइंट भरलेले असताना तुमचा तो ‘एकच तर व्हॉल्व्ह’ आला की एक कार्ड वाढतं. कार्डाला रॅकमध्ये जागा लागते, आणि पॅनेल तोवर पावडर कोटिंग होऊन तुमच्या दारात उभं असतं.

मी स्वतः नोकरीभर इन्स्ट्रुमेंटच्या टेबलावर बसले, तेव्हा त्या बाजूनं सांगते. कंट्रोलच्या माणसाला तुमचं चित्र पुन्हा काढायची हौस नसते. पीडीएफमधून त्याला हवी ती यादी निघत नाही, म्हणून तो बसून प्रत्येक बबल (उपकरणाचं वर्तुळ) वाचतो, हातानं टंकतो, आणि टंकताना तुमच्या चित्राची त्याची अशी एक आवृत्ती तयार होते. फाटे इथून फुटतात. त्याला यादी द्या.

तुमच्याजवळच्या ऑटोकॅडमध्ये ते आजच होतं. व्हॉल्व्ह आणि इन्स्ट्रुमेंटचे बबल नुसत्या रेघा आणि वर्तुळांनी काढू नका. ब्लॉक करा आणि टॅग (उपकरणाचा क्रमांक), लाइन नंबर, माप ही माहिती त्या ब्लॉकच्या ॲट्रिब्यूटमध्ये भरा. मग डेटा एक्स्ट्रॅक्शनची कमांड दिली की सगळी यादी एक्सेलमध्ये उतरते. वर्तुळात नुसतं टेक्स्ट टाकलेलं असेल तर कमांडला तो बबल दिसतो, पण तो कशाचा हे कळत नाही.

त्या एक्सेलमध्ये प्रत्येक टॅगची एक ओळ ठेवा आणि रकाने वाटून घ्या. लाइन नंबर, माप, नोझल, फ्लँजचं रेटिंग, मटेरियल हे तुमचं. सिग्नलचा प्रकार, रेंज, अलार्म आणि ट्रिपचे (आपोआप बंद पडण्याचे) आकडे, पीएलसीतला पत्ता हे त्यांचं. दुसऱ्याच्या रकान्यात कोणी हात घालायचा नाही. पटलं नाही तर शेजारी शेरा लिहायचा. फाइल कोणाच्या कॉम्प्युटरवर आहे यावर माणसं भांडतात, पण फाइल कुठेही असो, कोणता आकडा बदलायला कोणाला विचारायचं हे ठरलेलं हवं.

एक रकाना मात्र तुम्हा दोघांचाही नाही: हवा किंवा वीज गेली तर व्हॉल्व्हनं काय करायचं. वाफेचा बंद व्हावा, कंडेन्सरच्या थंड पाण्याचा उघडा राहावा, असं साधारण असतं, पण ते प्रक्रिया जाणणाऱ्यानं ठरवायचं, आणि लहान युनिटमध्ये तसा माणूस पगारावर नसतो. तेव्हा ग्राहकाच्या केमिस्टकडून लेखी घ्या, आणि व्हॉल्व्हची ऑर्डर जाण्याआधी घ्या. कारण इथे मेकॅनिकल आणि कंट्रोल एकाच खिळ्याला लटकलेले आहेत. हवा गेल्यावर आपणहून बंद किंवा उघडा होणारा ॲक्च्युएटर स्प्रिंगचा लागतो. तेवढंच काम करणाऱ्या डबल-ॲक्टिंगपेक्षा तो मोठा आणि जड असतो. खरेदीवाल्यानं स्वस्त पडतो म्हणून डबल-ॲक्टिंग आणला तर हवा गेल्यावर तो धड उघडत नाही, धड बंद होत नाही. आणि चूक कळल्यावर स्प्रिंगचा बसवायला जावं तर तुमच्या स्किडच्या चौकटीत तो मावत नाही. ड्रॉइंगवर व्हॉल्व्हशेजारची ‘एफसी’ (हवा गेली तर बंद) किंवा ‘एफओ’ (हवा गेली तर उघडा) ही दोन अक्षरं तुम्ही पॅनेलवाल्याची समजून सोडून देत असाल. ती तुमच्या चौकटीची उंची ठरवतात.

आता नोझल, म्हणजे टाकीला पाइप किंवा उपकरण जोडायचं तोंड. यावर थोडी रेंगाळणार आहे.

समजा टोल्युइनची उभी टाकी आहे आणि तिला लेव्हल ट्रान्समीटर एलटी-२०१: वर-खाली दोन नोझल, दोन्हींवर रिमोट सील (दाब पुढे पोचवणारा पडदा), मधल्या कॅपिलरीत (बारीक नळीत) सिलिकॉन तेल. नोझलमधलं अंतर १,२०० मिमी. टोल्युइनची घनता ०.८७ धरली तर स्पॅन, म्हणजे रिकाम्यापासून भरेपर्यंतचा दाबातला फरक, १,०४४ मिमी पाणी. कंट्रोलवाल्यानं ते गणित करून ट्रान्समीटर मागवला, दहा टक्क्यांवर पंप बंद आणि नव्वद टक्क्यांवर हाय अलार्म असं लिहिलं आणि पुढच्या कामाला लागला. इकडे खालचं नोझल वेल्डच्या सांध्यावर येतंय असं तुमच्या लक्षात आलं. तुम्ही ते १५० मिमी वर सरकवलं. मेकॅनिकल म्हणून अगदी बरोबर केलंत. जीए (मापात काढलेल्या मांडणीच्या) ड्रॉइंगची नवी रिव्हिजन फॅब्रिकेशनला गेली. पीअँडआयडीवर काय बदललं? काहीच नाही! तो आराखडा मापात नसतो, नोझल होतं तिथेच दिसतं.

ट्रान्समीटर मात्र जुन्याच आकड्यांवर बसला. सीलमधलं अंतर १,०५० झालं, वरच्या सीलपासून खाली येणारा तेलाचा स्तंभ १५० मिमीनं आखूड झाला. तेलाची घनता ०.९३ धरून हिशेब केलात तर द्रव खालच्या नोझलच्याही खाली गेला तरी स्क्रीनवर सुमारे १३ टक्के दिसत राहतात. दहावर पंप बंद व्हायचा, पण दहा कधी येतच नाहीत. पंप कोरडा फिरतो, मेकॅनिकल सील जळतं, आणि बोट पीएलसीच्या प्रोग्रॅमकडे जातं. साइटवर कोणी चांगला टेक्निशियन असला तर रिकाम्या टाकीवर झिरो मारून घेईल. ठीक. पण स्पॅन जुनाच राहिला, खरा झालाय ९१४. आता द्रव वरच्या नोझलला टेकला तरी ८८ च्या वर आकडा जात नाही, म्हणजे नव्वदचा अलार्मही गेला. एका बाजूनं सुधारलं तर दुसऱ्या बाजूनं बिघडलं. प्रोग्रॅम पहिल्या दिवसापासून निर्दोष होता.

म्हणून टॅग-यादीत लेव्हलच्या प्रत्येक उपकरणापुढे दोन्ही नोझलच्या उंचीचे रकाने घाला, टाकीच्या तळाच्या टॅन्जंट लाइनपासून (जिथे सरळ भिंत संपून गोल तळ सुरू होतो तिथून) मोजलेल्या, आणि ते तुमच्या मालकीचे. तो आकडा बदलला की त्या ओळीला रंग द्या आणि समोरच्यानं ‘रेंज बदलली’ असं लिहीपर्यंत रंग काढू नका. फ्लो मीटरच्या आधी-नंतरची सरळ पाइपची लांबी आणि थर्मोवेलची आतली लांबी यांनाही हाच नियम. बाकी तुमच्या जीएमधलं काय बदलतं याच्याशी कंट्रोलवाल्याला फारसं देणंघेणं नाही, उगाच सगळं पाठवून त्याला बुडवू नका.

चित्राचं म्हणाल तर पीडीएफ सहीपुरती ठेवा. कामासाठी डीडब्ल्यूजी द्या आणि त्यांनी ती स्वतःच्या ड्रॉइंगमध्ये एक्सरेफ म्हणून जोडावी, म्हणजे खालचा आराखडा तुमचा राहतो आणि त्यांच्या सिग्नलच्या रेघा, इंटरलॉकच्या खुणा त्यांच्या लेयरवर वर येतात. तुम्ही पाइप हलवलात की त्यांच्याकडे फाइल पुन्हा उघडल्यावर तो हललेला दिसतो. त्यांचं सॉफ्टवेअर डीडब्ल्यूजी जोडूनच घेत नसेल तर यादीवर भागवा, चित्र त्यांनी हवं तसं काढावं. याद्या जुळल्या की चित्रं कशी दिसतात याला महत्त्व नाही.

इंटरलॉकचं, म्हणजे अमुक झालं की तमुक आपोआप थांबवण्याचं, एक राहिलं. बहुतेक ड्रॉइंगवर तिरक्या चौकोनाच्या खुणेत ‘आय-१’ लिहिलेलं असतं आणि आय-१ म्हणजे काय हे कुठेच नसतं. विचारलं की उत्तर येतं, ‘फोन पर कहा था.’ फोनवरचा इंटरलॉक इंटरलॉक नव्हे. एका कागदावर डावीकडे कारणं, वर परिणाम, आणि जिथे जुळतात तिथे फुली: एलटी-२०१ दहा टक्क्यांखाली, तर पी-२०१ए आणि बी हे पंप बंद, एक्सव्ही-२०३ हा व्हॉल्व्ह बंद, रीसेट हातानं. हा तक्ता तुम्हालाही वाचता येतो, पॅनेलवाल्यालाही आणि ग्राहकाच्या केमिस्टलाही, आणि तिघांच्या सह्या त्यावर घ्या. प्रोग्रॅम लिहायला याच्याहून चांगला कागद नाही.

आणि रिव्हिजन. आपल्याकडे ‘चालशे’ (चालेल) या शब्दावर बरेच कारखाने चालतात, पण रिव्हिजनला तो लावू नका. ए, बी, सी शेऱ्यांसाठी, शून्य बांधणीसाठी, जे काही ठरवाल ते पाळा. बदलाभोवती ढग काढा, आणि पुढच्या रिव्हिजनला मागचे ढग पुसा, नाहीतर दोन-तीन फेऱ्यांत आख्खी शीट ढगाळ होते आणि नवीन काय ते दिसत नाही. व्हॉट्सॲपवर आलेला ड्रॉइंगचा फोटो ही रिव्हिजन नसते.

आता सॉफ्टवेअर. कोमॉस, स्मार्टप्लांट, अवेवा यांसारख्या प्रणालींत बबल मुळात डेटाबेसमधली नोंद असतो आणि चित्र हा तिचा एक चेहरा. पीअँडआयडीतून कंट्रोलच्या सॉफ्टवेअरकडे माहिती आपोआप जावी म्हणून आयईसी ६२४२४ हे मानक २००८ मध्ये आलं आणि २०१६ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. डेक्सपी नावाचा उपक्रम वेगवेगळ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये पीअँडआयडीची देवाणघेवाण व्हावी यासाठीच आहे. तुमच्या आकाराच्या युनिटनं त्यासाठी खर्च करू नये, ग्राहकानं करारात मागितलं तर त्याच्या किमतीत धरावा. पण ६२४२४ मधली एक रीत फुकट घेण्यासारखी आहे. तिथे आराखड्यावर कंट्रोलची फक्त मागणी लिहितात: इथे लेव्हल राखा, इतक्याखाली गेली तर पंप थांबवा. ती कोणत्या कार्डानं, कोणत्या रिलेनं पुरी होणार हे आराखड्यावर येत नाही. तुमच्या शीटवर सोलनॉइडच्या वायरिंगपर्यंत सगळं कोंबलेलं असेल, तर पॅनेलवाल्यानं रिले बदलला की तुमचा आराखडा शिळा होतो. ते सगळं त्यांच्या लूप ड्रॉइंगवर (एकेका उपकरणाच्या वायरिंगच्या) जाऊ द्या.

प्रश्न : मी नंदेसरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. जुन्या प्लांटच्या आणि नव्या विस्ताराच्या ड्रॉइंगवर, दोन्हीकडे, चौकोनात तिरका चौकोन ही खूण आहे. मेकॅनिकलचा कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, याचा अर्थ पीएलसी. सल्लागार म्हणतात, याचा अर्थ सेफ्टी सिस्टिम. बरोबर कोण?
— एक वाचक, फतेगंज

उत्तर : दोघंही असू शकतात, आणि म्हणूनच हे धोक्याचं आहे. आयएसए ५.१ या मानकाच्या १९८४ च्या आवृत्तीत ती खूण पीएलसीची होती. २००९ च्या आवृत्तीत चौकोनातलं वर्तुळ हे नेहमीच्या नियंत्रण प्रणालीचं झालं आणि चौकोनातला तिरका चौकोन पर्यायी प्रणालीचा किंवा सेफ्टी इन्स्ट्रुमेंटेड सिस्टिमचा. जुन्या पिढीचा हात अजून जुन्या अर्थानं चालतो. तुमच्या दोन्ही ड्रॉइंग-संचांच्या पहिल्या पानांवर लेजेंड शीट असेल. तिथे जे लिहिलंय तेच त्या संचापुरतं खरं, मानक काहीही म्हणो. जुन्या संचात लेजेंड शीटच सापडत नसेल (बऱ्याचदा ती एकच शीट हरवलेली असते) तर प्रत्यक्ष पॅनेल उघडून वायर कुठे जाते ते बघा आणि मग ड्रॉइंगवर लिहा.

उत्तर ‘सेफ्टी’ असं निघालं तर कॉन्ट्रॅक्टरला आधी सांगा, कारण काम त्याचंही बदलतं. त्या ट्रिपचा ट्रान्समीटर आणि रोजच्या कंट्रोलचा ट्रान्समीटर एकाच टॅपिंगवर (मोजमापासाठी काढलेल्या तोंडावर), एकाच आयसोलेशन व्हॉल्व्हमागे बसवला, तर टॅपिंग तुंबलं की दोघं एकाच वेळी खोटं बोलतात आणि वाचवणारं कोणी राहत नाही. वेगळं नोझल लागतं. टाकी शॉपमध्ये असेपर्यंत ते एक छिद्र आणि एक फ्लँज आहे. हायड्रोटेस्ट होऊन टाकी पायावर चढली की त्याच छिद्रासाठी वेल्डिंग, तपासणी आणि पुन्हा टेस्ट. अशा ट्रिपसाठी आयईसी ६१५११ प्रमाणे ठरावीक काळानं चाचणीही करावी लागते, तेव्हा प्लांट न थांबवता ती कशी करणार हे सल्लागारांनाच आत्ता विचारा. बायपास व्हॉल्व्ह लागत असेल तर तोही पाइपवाल्यालाच बसवायचाय.

प्रश्न : मी कलाभवनात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पीएफडी आणि पीअँडआयडीमध्ये नेमका फरक काय? आणि इन्स्ट्रुमेंटची ती सगळी अक्षरं मेकॅनिकलवाल्यानंही पाठ करावीत का?
— एक विद्यार्थिनी, दांडिया बाजार

उत्तर : पीएफडीवर (प्रोसेस फ्लो डायग्राम) मुख्य उपकरणं आणि त्यांतून किती, किती गरम, किती दाबानं वाहतं याचा ताळेबंद असतो. स्टँडबाय पंप, ड्रेन, व्हेंट तिथे शोधू नकोस. ते सगळं पीअँडआयडीवर, पण प्रवाहाचे आकडे मात्र तिथे बहुतेक नसतात. पंप निवडायचा तर पहिला कागद लागतो, पंपाला काय काय जोडायचं ते बघायला दुसरा.

अक्षरं पाठ कर, डझनभर पुरतील. पहिलं अक्षर काय मोजलं जातंय ते सांगतं: एफ प्रवाह, एल लेव्हल, पी दाब, टी तापमान. पुढची त्याचं काय करायचं ते: आय दाखवा, सी नियंत्रित करा, टी ट्रान्समीटर, व्ही व्हॉल्व्ह. टीआयसी म्हणजे तापमान दाखवणारा आणि राखणारा कंट्रोलर. वर्तुळ रिकामं असेल तर उपकरण जागेवर, मधून सलग आडवी रेघ असेल तर ते कंट्रोल रूममध्ये. तुझ्या बाजूनं बघायचं तर जागेवरच्या बहुतेक वर्तुळांना टाकीवर किंवा पाइपवर निदान एक भोक आहे, आणि ते भोक तुलाच काढायचंय.

तू ज्या संस्थेत शिकतेस तिथे १८९० पासून हातानं ड्रॉइंग शिकवलं जातंय, दादासाहेब फाळकेही कलाभवनचेच. तेव्हा एक काम हातानंच कर. कोणताही एक पंप घे, पेन्सिलीनं त्याचं सक्शन, डिस्चार्ज, स्टँडबाय पंप, चेक व्हॉल्व्ह, प्रेशर गेज, मिनिमम फ्लोची परत जाणारी लाइन काढ, आणि मग इन्स्ट्रुमेंटच्या एखाद्या मैत्रिणीला देऊन तिच्या बाजूच्या खुणा लाल पेन्सिलीनं घालायला सांग. ती लाल पेन्सिल कुठे कुठे थांबते आणि तुला प्रश्न विचारते ते लिहून ठेव.

आणि अक्षरांत एकदा गोंधळ होतोच, तो आधीच सांगून ठेवते. एच पहिल्या जागी असेल तर ‘हँड’, म्हणजे हातानं द्यायचा हुकूम. शेवटी असेल तर ‘हाय’. एलएएच म्हणजे लेव्हल जास्त झाल्याचा अलार्म, एचएस म्हणजे हातानं फिरवायचा स्विच.